तेराचा पाढा

३ फेब्रुवारी

ती. मामांस,
टकळीचा सा. न. वि. वि.

हे पत्र पोचेपर्यंत बातमी शिळी झालेली असेल, पण शिळी का होईना, माझ्या हातची खा. मी नगराध्यक्ष झाले. एकवीस नगरसेवकांपैकी बारा जणांनी माझ्यासाठी हात वर केला, नऊ जणांनी खिशात ठेवला. फोन केला असता, पण पंपाच्या खोलीत बत्तीस वर्षं काढून तुमचे कान गेलेले आणि माझं तोंड तर तुम्हाला ठाऊकच आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला थांबता येत नाही. त्यापेक्षा पत्र बरं.

कार्यालयाची हकिकत सांगते. खुर्ची इतकी उंच आहे की माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. शेवटी टेबलाखाली नियमपुस्तिकेचे दोन जुने खंड ठेवून घेतले, नियमांचा एवढा तरी आधार. टेबलावर घंटा आहे. कोपर लागून ती वाजली की तीन माणसं धावत येतात. मी काहीही बोलले की सगळे हो म्हणतात. परवा मुद्दाम म्हटलं की आज गारवा आहे, तर रुमालाने घाम पुसत उपाध्यक्ष म्हणाले की हो, गारवा आहे खरा. आईबाबा बदल्यांमागे फिरत राहिले आणि मी बारा वर्षं तुमच्या घरी वाढले, त्या बारा वर्षांत मिळून मामीने मला इतक्या वेळा हो म्हटलं नसेल.

आता कामाचं. पाणी खात्यात व्हॉल्व्ह उघडता-बंद करता तुम्ही सात अध्यक्ष येताना आणि जाताना पाहिलेत. मोठी माणसं नेतृत्वावर व्याख्यानं देतात आणि मी ती ऐकतेही, पण घरी येईपर्यंत विसरते. तुम्ही लिहा. कोण चांगला होता, का होता, आणि मी काय करू नये तेही.

पहिलं काम ठरलं आहे. टेकडीवरच्या वसाहतीला पाणी सकाळी अकराला येतं आणि तिथल्या बायका आठलाच कारखान्यात जातात. भरायचं कुणी? मी प्रचारात शब्द दिला होता की पाणी सातला येईल. सोमवारी, सोळा तारखेला, ते सुरू होतंय. व्हॉल्व्हवर तुमचा चेला लंबू आहे, म्हणून मी निर्धास्त आहे.

मामीचा खांदा कसा आहे ते वेगळ्या कागदावर कळवा, तिच्या नजरेस न पडेल असं. लोभ आहेच, तो खुर्चीकडे बघून वाढवू नये ही विनंती.

तुमची,
टकळी

८ फेब्रुवारी

चि. टकळीस अनेक उत्तम आशीर्वाद.

मायन्यात अध्यक्षबाई लिहिणार होतो, पण मामीने वाचलं आणि ती इतकी हसली की कागद बदलावा लागला. पत्र तीनदा वाचलं. तुझ्या दादाने दोनदा वाचून दाखवायचा प्रयत्न केला, ते मला ऐकू आलं नाही म्हणून. आम्हा दोघांना फार आनंद झाला आहे. तो पत्रात मावत नाही, तेव्हा त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

सात अध्यक्षांचं विचारलंस. पहिले घंटा वाजवायचे, बाकी काही आठवत नाही. दुसरे सगळ्यांना बाळ म्हणायचे, कारण नावं लक्षात राहत नसत. तिसरे वही घेऊन गल्लोगल्ली फिरत, लोक सांगतील ते लिहून घेत, आणि ती वही पुढे कुणी उघडलेली मी पाहिली नाही. चौथ्यांच्या तोंडाला कुलूप नव्हतं, शिव्यांशिवाय वाक्य पुरं व्हायचं नाही. पण पंप जळला तेव्हा हा माणूस दोन दिवस पंपाच्या खोलीत स्टुलावर बसून होता. उपयोग काडीचा नव्हता, येता-जाता आमच्या पायात यायचे, पण उठले नाहीत. मी त्यांना मानतो. पाचवे सज्जन. सहाव्या बाई प्रश्न विचारायच्या आणि मग उत्तराची वाट बघायच्या. विचारणारे पुष्कळ असतात, थांबणाऱ्या त्या एकट्याच. सातवे म्हणजे ज्यांना तू आत्ता हरवलंस ते. त्यांना वाईट बोलू नकोस. मी निवृत्त झालो त्या दिवशी ते मला स्वतः घरापर्यंत सोडायला आले होते.

माझं स्वतःचं सूत्र एकच: आपल्या गल्लीला पाणी शेवटी. अख्ख्या गावाचं झालं की दुपारी दीडला मी आपल्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडायचो. बत्तीस वर्षांत माझ्याकडे एकाने बोट दाखवलं नाही. अधिकार हातात असला की आपल्या दाराकडे पाठ करून उभं राहावं. तूही असंच कर, कुणाची हिंमत होणार नाही.

टेकडीच्या व्हॉल्व्हचं वाचून एक आठवलं. सुट्टीच्या दिवशी तू माझ्याबरोबर यायचीस. तेरा फेरे, आणि दर फेऱ्यानंतर थांबायचं, कारण रिकाम्या नळात हवा असते. तिला बाहेर पडायला सवड दिली नाही तर पाणी तिच्यावर आदळतं आणि नळ फुटतो. माझ्याकडे घड्याळ नव्हतं, तुझ्याकडे पाढे होते. पहिल्या फेऱ्याला एकचा, दुसऱ्याला दोनचा, असं तू खड्या आवाजात म्हणायचीस. तेराव्याला हमखास अडायचीस, तेरा सत्तेला. मला येत होतं, पण सांगायचो नाही. तुला आठवेपर्यंत व्हॉल्व्हवर हात ठेवून थांबायचो आणि वर टेकडीवर लोक माझा उद्धार करायचे. लंबूलाही मी तसंच शिकवलं. हे भाषणात वापरू नकोस. लोकांना पाणी हवं असतं, उपमा नको.

इथे लेकाकडे, दादाच्या घरी, नळाला दिवसभर पाणी असतं, तरी मी सकाळी एक बादली भरून ठेवतोच. मामीचा खांदा तसाच आहे. वेगळ्या कागदावर लिहिता आलं नाही, ती समोरच बसली आहे. वेळेवर जेवत जा.

तुझा,
मामा

१९ फेब्रुवारी

ती. मामांस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. सोमवारचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला. पाणी सातला टेकडीवर पोचलं. त्यानंतर काही मिनिटांतच उतारावरच्या वाचनालयाजवळ मुख्य नळ फुटला आणि वाचनालयाच्या तळमजल्यात गुडघाभर पाणी शिरलं. कुणाला इजा झाली नाही. मुलांच्या विभागातली अकराशे पुस्तकं भिजली. टेकडीचं पाणी दुरुस्तीपर्यंत पुन्हा अकरालाच सोडण्यात येत आहे.

प्राथमिक चौकशीत व्हॉल्व्ह नियमापेक्षा वेगाने उघडला गेल्याचं दिसून आलं. अभियंत्यांच्या शिफारशीवरून संबंधित कर्मचाऱ्यास निलंबित करण्यात आलं आहे. दहा मार्चच्या सर्वसाधारण सभेत त्याच्या नोकरीबाबत निर्णय होईल.

इकडे ऊन वाढलं आहे. मामीने खांद्याला शेक घ्यावा. कामाची गडबड आहे, म्हणून पत्र आवरतं घेते.

आपली,
टकळी

२३ फेब्रुवारी

चि. टकळीस अनेक आशीर्वाद.

पुस्तकांचं आधी लिहितो, कारण त्याला वेळ नाही. उन्हात वाळत घालू नका, पानं कडक होऊन मोडतात. दर दहा पानांमागे एक कोरा टीपकागद घालून पंख्याखाली उभी ठेवा आणि कागद रोज बदला. पंपघराच्या नोंदवह्या भिजल्या तेव्हा आम्ही असंच केलं होतं. ग्रंथपालबाईंना सांग, थोडी पुस्तकं फुगतील पण वाचता येतील. फुगलेलं पुस्तक मुलांना जास्त आवडतं असा माझा अंदाज आहे.

लंबूचं पत्र आलं. तीन ओळी. माझ्या हातून चूक झाली, तुमचं नाव घालवलं, माफ करा, एवढंच. का आणि कशी ते नाही. त्याच्या दोन मुली शाळेत आहेत आणि घरात कमावणारा तो एकटाच, हे तुला सांगायला नको.

बावीस वर्षं मी ह्या माणसाला ओळखतो. स्वतःच्या लग्नाच्या दिवशी तो नवा पोशाख घालून व्हॉल्व्हवर आला होता. सगळे दारात खोळंबले होते आणि हा सावकाश नऊचा पाढा म्हणत होता. घाई त्याच्या हाडातच नाही. आपण होऊन त्याचा हात तेरा फेरे एका दमात फिरवणार नाही. कुणीतरी सांगितल्याशिवाय नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही अशा कुणीतरी.

यापुढचं मला कळत नाही, आणि न कळलेलं पत्रात लिहू नये असं तुझी मामी म्हणते. तुझं गेलं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. अक्षर तुझंच आहे. बाकी कुणाचं पत्र आहे ते ओळखू आलं नाही. "आपली" अशी सही तू मला आयुष्यात पहिल्यांदा केलीस.

उत्तर लगेच दिलं नाहीस तरी चालेल. जेवण मात्र टाळू नकोस.

तुझाच,
मामा

२४ फेब्रुवारी

बाळ टकळी,

मी लिहितेय हे ह्यांना माहीत नाही. ते गच्चीवर टाकीत पाणी किती आहे ते बघायला गेलेत. टाकी भरलेलीच असते, पण रोज बघून आल्याशिवाय चैन पडत नाही.

ह्यांनी तुला पाठवलेले धडे मी वाचले. एक धडा त्यांनी अर्धाच लिहिलाय, उरलेला मी लिहिते. आपल्या गल्लीला पाणी शेवटी, हे खरं. दीडला यायचं, करंगळीएवढी धार, चाळीस मिनिटं. शेजारची शिलाईवाली सातव्या महिन्यात असताना चौकातल्या टाकीवरून दोन-दोन बादल्या आणायची. समोरच्या मास्तरांचं पोट खपाटीला गेलेलं, तेही न्यायचे. आणि मी आणायचे. माझा हा खांदा काही वयाने गेला नाही. तू शाळेतून आलीस की हातपाय धुवायला तांब्याभर पाणी मिळायचं, आठवतं? तेव्हा तुला वाटायचं की सगळ्यांकडे असंच असतं.

प्रामाणिक म्हणून मान ह्यांना मिळाला, बादल्या आम्ही उचलल्या. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. लग्नाला अकरा वर्षं झाली तेव्हा मी एकदा म्हटलं की निदान महिन्यातून आठ दिवस तरी पाणी लवकर सोडा. ते म्हणाले, लोक काय म्हणतील. मी पुन्हा विषय काढला नाही. माणूस सोन्यासारखा आहे, हे मी मानते. पण सोन्याचं ओझंही ओझंच असतं गं.

आता ऐक. हे त्यांना कळलेलं आहे. माझ्या खांद्याला तेल लावताना त्यांचा हात जसा चालतो त्यावरून मला माहीत आहे. फक्त बोलत नाहीत. चूक कळते सगळ्यांना, ती तोंडाने म्हणायला मात्र जीभ जड होते. तुझी जीभ लहानपणापासून क्षणभर थांबली नाही. झोपेतसुद्धा बडबडायचीस. मग आता, जेव्हा बोलायची वेळ आहे, तेव्हा तिला काय झालं?

काय झालंय ते मी विचारत नाही. तू सांगशील. तांब्याभर पाण्यात वाढलेली पोर आहेस.

तुझी,
मामी

१ मार्च

ती. मामा आणि मामी,
दोघांना सा. न. वि. वि.

दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. मी ती कार्यालयाचं दार लावून वाचली आणि खूप रडले. घंटेला कोपर लागलं, तिघे धावत आले, त्यांना मी डोळ्यात कचरा गेला म्हणाले. ते म्हणाले हो, फार कचरा आहे.

मामा, मी सांगितलं होतं.

त्या सोमवारी पावणेसातला टेकडीवर सगळे जमले होते. फीत, ध्वनिक्षेपक, बादल्या घेऊन उभ्या बायका. मी हरवलेले माजी अध्यक्ष हाताची घडी घालून एका कडेला. सात वाजायला पाच मिनिटं होती आणि नळ कोरडा होता. कुणीतरी मागून म्हणालं की शब्द द्यायला काय लागतं. माझं डोकं तापलं. मी लंबूला फोन लावला. तो म्हणाला की आठवा फेरा झालाय, ताई, अजून पाच पाढे राहिलेत. मी म्हटलं, पाढे पुरे, उघडा. त्याने विचारलं की ताई, नक्की ना. मी म्हटलं, अध्यक्ष म्हणून सांगते आहे. त्याने पुन्हा विचारलं नाही. सात वाजता पाणी आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी टाळ्या घेतल्या. मग खालून ओरडा आला.

चौकशीत लंबूने सांगितलं की हात घसरला. पाच फेऱ्यांचा हात घसरला, असं. अभियंत्यांनी लिहून घेतलं. निलंबनाच्या कागदावर सही माझी आहे. अजून मी त्याच्या घरी गेलेले नाही. त्याची धाकटी वाचनालयात पुस्तकं वाळवायला येते, मी तिकडेही जात नाही.

उपाध्यक्षांना मी सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत, त्यांनी शांतपणे समजावलं. फोनवरच्या बोलण्याला पुरावा नसतो. तुम्ही कबूल केलंत की आठ दिवसांत अविश्वास ठराव येईल. तुम्ही गेलात की टेकडीचा नवा नळ गेला, वेळापत्रक गेलं, पुन्हा अकराच. एका माणसासाठी चारशे घरांचं पाणी घालवायचं का, त्याला नंतर हळूच कामावर घेता येईल, असं ते म्हणतात. मी तीन रात्री ह्याला उत्तर शोधते आहे. त्यांचं म्हणणं खोटं नाही, म्हणूनच भीती वाटते. आणि खरं सांगते मामा, चारशे घरांचा विचार मी नंतर करते. आधी खुर्चीचा येतो. एका महिन्यात तिने मला इतकी सवय लावली.

जगात कुणालाही माहीत नसतं तरी चाललं असतं की फेऱ्यांमध्ये का थांबतात. मला माहीत होतं. तो व्हॉल्व्ह माझ्या पाढ्यांवर उघडायचा.

दहा तारखेला सभा आहे. काय करू ते सांगा.

तुमच्या दोघांची,
टकळी

५ मार्च

चि. टकळीस खूप आशीर्वाद.

तुझं पत्र मामीने वाचून दाखवलं. माझ्या कानाशी बसून, एकेक वाक्य दोनदा. तुझ्या पत्रात मामीच्या पत्राचा उल्लेख निघाला, तेव्हा तिने मला तेही सांगितलं. काय लिहिलंस विचारल्यावर तिने एकही शब्द न गाळता सांगितलं, खपाटीच्या पोटासकट.

मग तिला म्हटलं की तुझा खांदा माझ्यामुळे गेला. बत्तीस वर्षं मला हे माहीत होतं. मी अख्ख्या गल्लीच्या तहानेवर माझं नाव राखलं, आणि गल्लीला एकदाही विचारलं नाही. एवढी तीन वाक्यं म्हणायला मला किती वेळ लागला ते तुझी मामीच सांगेल. माझी अपेक्षा होती की ती रडेल किंवा रागवेल. ती म्हणाली की बरं, आता चहा घ्या. पण चहा तिने माझ्या हाताने करवून घेतला, आणि दुसऱ्या दिवसापासून बादली भरून ठेवणं बंद करवलं.

तेव्हा मी पाठवलेले धडे फाडून टाक. सातांच्या चुका मला दिसल्या, आपली सोडून. आता मला एवढंच वाटतं की ठरवणारा एक आणि वाहणारा दुसरा, असं जिथे होतं तिथे कुठेतरी नळ फुटलेला असतो. तू ठरवलंस, लंबू वाहतो आहे.

उपाध्यक्ष म्हणतात तसं तुझं पद जाईल असं मलाही वाटतं. पण चारशे घरांना मी ओळखतो, टकळी. बत्तीस वर्षं त्यांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. लंबूला बाहेर बसवून आलेलं पाणी त्यांना आवडेल का, हे तू त्यांच्या वतीने परस्पर ठरवू नकोस. मी तीच चूक केली. त्यांना विचार, आणि सहाव्या बाईंसारखी उत्तराची वाट बघ.

सभेला यायची फार इच्छा होती. मला काही ऐकू आलं नसतं, पण तू उभी राहिलेली दिसली असतीस. मामीला एवढा प्रवास झेपणार नाही आणि तिला सोडून मला निघवत नाही. दहा तारखेला अकरा वाजता आम्ही दोघे इथे खिडकीत बसून असू. तू जे करशील त्यानंतरही हे घर तुझंच आहे, खुर्ची असली तरी, नसली तरी. इथल्या खुर्चीत तुझे पाय जमिनीला टेकतात.

तुझाच,
मामा

ता. क. टकळे, सभेत रडू आलं तर रड. बोलणं मात्र थांबवू नकोस. - मामी

२ एप्रिल

ती. उस्तादांना आणि वहिनींना,
लंबूचा नमस्कार.

लिहिण्याची सवय नाही, चुकलं-माकलं सांभाळून घ्या. ताई तुम्हाला सविस्तर लिहितीलच, पण त्या स्वतःबद्दल नीट लिहायच्या नाहीत, म्हणून मी लिहितो.

सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ताई आमच्या घरी आल्या. चालत आल्या. दारातच म्हणाल्या की लंबू, मला माफ करा. मी म्हटलं की ताई, मी तोंड उघडणार नाही, काळजी करू नका. त्यावर त्या म्हणाल्या की म्हणूनच मला उघडायला हवं. मग बसल्या आणि माझ्या बायकोशी तासभर बोलल्या. बायको म्हणाली, बाई फार बोलतात. मी म्हटलं, आता बऱ्या झाल्या.

सभेला टेकडीवरची माणसं आली होती, ताईंनीच बोलावली होती. लिहिलेला कागद त्यांनी बाजूला ठेवला. व्हॉल्व्ह घाईने उघडायला मी सांगितलं, लंबूने दोनदा अडवलं, मी पदाचा धाक घातला, पुस्तकं माझ्यामुळे भिजली, असं सगळं उभ्याने सांगितलं. आवाज कापत होता पण थांबल्या नाहीत. राजीनामा देऊन पळणार नाही, सभेने ठरवावं, असंही म्हणाल्या. मग टेकडीच्या लोकांना विचारलं की पाणी उशिरा मिळालं तर चालेल का. विचारून गप्प उभ्या राहिल्या. शेवटी कारखान्यातली एक बाई म्हणाली की सातच्या ऐवजी सव्वासात झालं तर आम्ही काय मरणार आहोत का, त्या दिवशीच विचारायचं होतं.

मला त्याच दिवशी कामावर घेतलं. त्याच सभेत ताईंनी आणखी एक ठराव आणला. कुठल्याही गल्लीला कायमचं शेवटी ठेवायचं नाही, शेवटचा नंबर दर महिन्याला फिरवायचा. तो सगळ्यांनी एकमताने मंजूर केला. टेकडीचं सातचं पाणीही त्यातच लिहून घेतलं, म्हणजे आता अध्यक्ष कुणीही येवो.

अविश्वास ठराव अठराला आला. अकरा विरुद्ध दहा, ताई एका मताने गेल्या. त्यांची स्वतःची तीन माणसं फिरली. उपाध्यक्ष फिरले नाहीत. आणि माजी अध्यक्षांनी हाताची घडी सोडून ताईंच्या बाजूने हात वर केला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आता ताई साध्या नगरसेवक आहेत आणि दुपारी वाचनालयात पुस्तकांत कागद घालत बसतात. ग्रंथपालबाई सांगत होत्या, फुगलेली पुस्तकं मुलं आधी नेतात.

नवा नळ परवा जोडून झाला. काल, एक तारखेला, नवं वेळापत्रक सुरू झालं. ह्या महिन्यात शेवटचा नंबर बाजारपेठेचा, म्हणजे ताई राहतात तिथला. मी म्हटलं, हे पुन्हा उस्तादांसारखंच झालं. त्या म्हणाल्या, नाही, मी आधी सगळ्या शेजाऱ्यांना विचारलंय, दोघे अजून भांडतायत. तुमच्या जुन्या गल्लीला पाणी सकाळी साडेआठला गेलं, चांगली मनगटाएवढी धार. शिलाईवाल्या मावशींनी मुद्दाम निरोप दिलाय की वहिनींना सांगा, आज घरातच बादली भरली.

आता शेवटचं. काल सकाळी मी टेकडीच्या व्हॉल्व्हवर पोचलो तर ताई आधीच येऊन बसल्या होत्या. मला म्हणाल्या, तुम्ही फेरे द्या, मी मोजते. एकपासून सुरुवात केली. येणारे-जाणारे बघत होते, नगरसेविका रस्त्यात बसून पाढे म्हणते म्हणून. बारापर्यंत नीट आल्या. तेराव्या फेऱ्याला तेरा सत्तेवर अडल्या. डोळे मिटून, ओठ हलवत बसल्या. मला येत होतं, उस्ताद. पण तुम्ही सांगायचा नाहीत, म्हणून मीही सांगितलं नाही. व्हॉल्व्हवर हात ठेवून थांबलो.

आठवलं त्यांना. टेकडीला पाणी चार मिनिटं उशिरा पोचलं. कुणाची तक्रार आलेली नाही.

वहिनींनी खांदा जपावा. आमच्यावर असलेला लोभ असाच वाहता राहू द्या.

तुमचा,
लंबू